दांडी कोठे आहे?

व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर तह, लढाया आणि बखरी उभ्या राहतात. आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती तळहातावर मावेल एवढी आहे. मोटारगाडीच्या गिअरबॉक्सच्या कुशीला ती दोन बोल्टांनी बसविलेली असते, तिच्यातून काही तारा निघतात, आणि तिचे काम एकच. ड्रायव्हरने गिअरची दांडी कोठे ठेवली आहे, ते गाडीतल्या संगणकाला सांगावयाचे. कंपन्यांच्या पुस्तकांत तिला ट्रान्समिशन रेंज सेन्सर म्हणतात. कोणी न्यूट्रल स्विच म्हणतो. आमच्याकडच्या गराजांत 'गिअरचा सेन्सर' एवढ्यावर भागते.

या वस्तूची आणि आमची गाठ पडली ती एका सभासदामुळे. हा गृहस्थ भाड्याने गाडी चालवून घर चालवितो. कर्ज काढून त्याने एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. एका पावसाळ्यात रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून ती काढावी लागली, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत तिने तंत्र दाखविण्यास आरंभ केला. दांडी पार्कवर असताना सेल्फ घेईना; न्यूट्रलवर आणून दांडी जरा हलविली तर घेई. मागे घेताना मागचा पांढरा दिवा लागेनासा झाला. डॅशबोर्डवरचे अक्षर मधूनच नाहीसे होई. आणि एके दिवशी घाटात गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, ती काही केल्या वरही जाईना नि खालीही येईना. त्याने गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तेथे स्कॅनर लावला, पडद्यावर 'पी ०७०५' अशी अक्षरे उमटली, आणि त्याला सांगण्यात आले की गिअरबॉक्स कामातून गेला, बदलावा लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात होता. तो कागद घेऊन तो युनियनच्या कचेरीत आला. कामगार कचेरीत कागद घेऊन येतो तेव्हा तो बहुधा आरोपपत्राचा असतो. हाही तसाच होता, फक्त आरोपी गिअरबॉक्स होता.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे. कारण गाडीला स्वतःचा गिअर कोणता हे विचारण्याची गरज मुळात पडलीच का, हे समजल्याखेरीज त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

पॅरिसच्या पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्याने १८९१ साली इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स अशी जी मांडणी केली, तिच्यात दांडी आणि दाते यांच्यामध्ये लोखंडाखेरीज काही नव्हते. ड्रायव्हरचा हात हाच सेन्सर होता. दाते जुळले की नाही ते तळव्याला कळे, न जुळले तर साऱ्या गल्लीला कळे. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आले, दात्यांची गती आपोआप जुळू लागली, आणि ड्रायव्हरच्या कसबाचा एक तुकडा यंत्रात गेला. तरीही दांडी कोठे आहे हे हातालाच ठाऊक असे. मुंबईत ज्या टॅक्सीने दोन पिढ्या पोसल्या ती फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, तिची दांडी स्टिअरिंगच्या खाली आडवी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या गाडीत, गिअर कोणता पडला हे सांगणारी एकही तार डॅशबोर्डापर्यंत येत नव्हती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तोवर तिच्या ड्रायव्हरांना अंधारात, अर्धवट झोपेत, एका हाताने बिडी पेटवितानाही गिअर कोणता ते सांगता येत असे. (बिडीचे समर्थन आम्ही करीत नाही.)

अमेरिकेत मात्र हा हात बाजूला करण्याचे काम फार लवकर सुरू झाले. फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कारखान्यांत कामगारांनी ठाण मांडून केलेला संप ११ फेब्रुवारी १९३७ रोजी युनियनला मान्यता मिळवून मिटला. तो आमच्यासारख्यांना पाठ असतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, त्याच कंपनीने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. क्लचचे पायडल गेले. चार गिअर तेलाच्या दाबाने आपोआप पडू लागले. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला, आणि युद्ध संपल्यावर जाहिरातदारांना त्याहून चांगली शिफारस कोणती हवी होती!

पण येथेच एक नवी अडचण उत्पन्न झाली, आणि आमच्या कथेचे बीज तिच्यात आहे. साध्या गाडीत दांडी ही गिअरचीच शेपटी असते. ऑटोमॅटिकमध्ये दांडी हुकूम देते. हुकूम खाली पोहोचला की नाही, आणि तो कोणता होता, हे हाताला कळण्याचा मार्ग उरत नाही. सगळ्या जागा हाताला सारख्याच लागतात. म्हणून दांडीपाशी अक्षरांची पट्टी लावावी लागली. आणि त्या अक्षरांचा क्रम काय असावा, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर माणसे मेली.

हायड्रामॅटिकची पट्टी न्यूट्रल, हाय, लो, रिव्हर्स अशी होती, पार्क नव्हतेच. १९४८ मध्ये ब्युइक गाडीत डायनाफ्लो आला, त्याची पट्टी पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स अशी. लक्ष देऊन पाहावे: लो आणि रिव्हर्स शेजारी शेजारी, मध्ये काही नाही. याचे समर्थन असे केले जाई की गाडी बर्फात किंवा चिखलात रुतली म्हणजे तिला पुढे-मागे झुलवून काढण्यास हे सोयीचे पडते. सोयीचे खरेच होते. पण उतारावर गाडी आवरण्यासाठी ड्रायव्हर दांडी खाली ओढून लो घेऊ पाहतो, हात जरा पुढे जातो, आणि धावत्या गाडीला उलटा गिअर पडतो. किंवा गाडी मागे घेऊन झाल्यावर आता पुढे जावयाचे म्हणून दांडी हलवावी, ती पुरती हलत नाही, आणि गाडी पुन्हा मागेच झेप घेते. मागे दार, भिंत, मूल, जे असेल ते.

फोर्ड कंपनीने १९५१ मध्ये आपल्या पहिल्या ऑटोमॅटिकवर पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो हा क्रम ठेवला. पुढच्या आणि मागच्या चालीमध्ये न्यूट्रलचे ओसाड रान. आज जगभर तोच क्रम आहे. क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांत दांडीच काढून टाकली आणि बटणे बसविली. १९६४ नंतर ती बंद केली. म्हणजे ड्रायव्हरने एका कंपनीची गाडी सोडून दुसरीची हाती घेतली की त्याच्या हाताने पुन्हा नवी बाराखडी शिकावी, आणि चुकला तर पोलिसांच्या टिपणात 'चालकाचा निष्काळजीपणा' लिहून घ्यावा. आम्ही गिरण्यांतल्या अपघातांचे पंचनामे पाहिले आहेत; तेथेही हेच दोन शब्द तयार असतात.

रॅल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटार-कंपन्यांवर जे गाजलेले पुस्तक लिहिले त्यात या अक्षरांच्या क्रमाचीही झडती आहे. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली, आणि त्याखालच्या पहिल्या नियमांत १०२ क्रमांकाचा नियम नेमका याविषयी होता. १ जानेवारी १९६८ पासून तो लागू झाला. त्याने असे फर्माविले की न्यूट्रल हे पुढच्या आणि मागच्या चालीच्या मध्येच असले पाहिजे. पार्क असल्यास ते टोकाला, रिव्हर्सच्या शेजारी असावे. आणि दांडी पुढच्या किंवा मागच्या चालीत असताना सेल्फ चालता कामा नये. या शेवटच्या कलमाने आमच्या तळहाताएवढ्या वस्तूची नोकरी कायद्याने पक्की झाली. सेल्फकडे जाणारा प्रवाह अडवावयाचा तर दांडी कोठे आहे हे विजेला कळले पाहिजे. म्हणून दांडीच्या वाटेवर कोठेतरी स्विच हवा. बऱ्याच कंपन्यांनी तो आधीपासून बसविला होता. आता न बसविण्याची मुभा उरली नाही.

तथापि स्विच बसला म्हणून दांडी खरोखर तेथे असते असे नव्हे. फोर्डच्या गाड्यांविषयी सत्तरीच्या दशकात अमेरिकेत तक्रारींचा ढीग पडला, की पार्कमध्ये ठेवलेली दांडी चालू इंजिनाच्या हादऱ्याने रिव्हर्समध्ये घसरते. माणूस उतरून गाडीच्या मागे जातो आणि गाडी त्याच्यावर येते. सरकारी तपासाचा शेवट १९८० मध्ये तडजोडीने झाला. सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना कंपनीने एकेक चिकटपट्टी पाठवावी, आणि तिच्यावर लिहावे की उतरण्यापूर्वी दांडी पार्कमध्ये नीट बसली आहे याची खात्री करा, हातब्रेक लावा, इंजिन बंद करा. यंत्रातला दोष कागदावर लिहून माणसाच्या माथी मारण्याचा एवढा मोठा प्रयोग दुसरीकडे झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

यानंतर संगणक आला. ऐंशीच्या दशकापासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या झडपा विजेने उघडू-मिटू लागल्या, आणि केव्हा कोणती उघडावयाची हे ठरविण्यासाठी संगणकाला वेग, इंजिनाचा भार आणि दांडीची जागा कळणे अवश्य झाले. पूर्वी त्या स्विचला फक्त सेल्फ आणि मागचा दिवा यांची चिंता होती. आता साऱ्या गिअरबॉक्सचा कारभार त्याच्या शब्दावर चालू लागला. संगणकाला दांडी दिसत नाही. त्याला फक्त तारा दिसतात. काही गाड्यांत प्रत्येक जागेला एकेक तार असते. दांडी ज्या जागी असेल त्या तारेवर बॅटरीचा दाब येतो. काहींत एकाच तारेवर निरनिराळे विद्युत्-रोध बसवून दाबाच्या पायऱ्या केलेल्या असतात. जनरल मोटर्सच्या काही गिअरबॉक्सांत चार तारा असतात आणि त्यांतली एक केवळ पडताळणीसाठी. उरलेल्या तिघींचे म्हणणे तिच्याशी जुळले नाही तर साक्ष खोटी, हे संगणकाला लगेच उमगते. ही युक्ती आम्हांला फार आवडली. देशातल्या कित्येक चौकशी-समित्यांत अशी चौथी तार असती तर बरे झाले असते.

साक्ष जुळली नाही म्हणजे संगणक सावध पवित्रा घेतो. गाडी एखाद्या मधल्या गिअरमध्ये धरून ठेवतो, म्हणजे घरी कशीबशी पोहोचता यावे आणि दात्यांचा चुरा होऊ नये. आणि तो एक अंक टिपून ठेवतो. हे अंक टिपण्याचे काम कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून सक्तीचे केले, ते धुरासाठी. पुढे १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींत सोळा पिनांचे एकाच आकाराचे तोंड आणि एकाच पद्धतीचे अंक आले. आपल्याकडे या धर्तीची व्यवस्था १ एप्रिल २०१० पासून आणि तिची पुढची पायरी १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्या वर्गवारीत 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा विभाग, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा अंक, सात म्हणजे गिअरबॉक्सचे प्रकरण, आणि शेवटचे ०५ म्हणजे दांडीची जागा सांगणाऱ्या मंडलात बिघाड. मंडल हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. त्यात सेन्सर येतो, तारा येतात, कपलर येतो, फ्यूज येतो, अर्थिंग येते. गिअरबॉक्सच्या पोटातले दाते त्यात येत नाहीत.

आता आमच्या सभासदाच्या कागदाकडे वळू.

कुर्ल्याला आमचे एक जुने फिटर आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. पद्मिनीच्या काळात त्यांनी शेकडो गिअरबॉक्स उघडले. आता ते एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरांना हाताशी घेऊन काम करतात. त्यांनी कागद वाचला, गाडीच्या तक्रारी ऐकल्या आणि विचारले, "भाऊ, गाडी चालते तेव्हा ओढते का?" ओढते, असे ड्रायव्हर म्हणाला, चढावर दम मारीत नाही, दणका देत नाही. चाचांनी गिअरचे तेल कापडावर घेऊन पाहिले. ते लालसर होते, जळका वास नव्हता. मग ते जे म्हणाले ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. सेल्फ घेत नाही, मागचा दिवा लागत नाही, डॅशबोर्डवरचे अक्षर जाते. या तिघांचा गिअरच्या दात्यांशी काय संबंध? तीन खात्यांची माणसे वेगवेगळी येऊन एकाच मुकादमाचे नाव घेतात, तेव्हा आधी त्या मुकादमाला बोलवा.

पण त्यांनी मुकादमालाही लगेच काढून टाकले नाही. येथेच त्यांचे कसब आहे, आणि येथेच पुष्कळ गराजवाले घाई करतात. त्यांनी आधी चाकांना लाकडी ओंडके लावले. मग बॅटरी मोजली. कारण बॅटरी खचलेली असली तर संगणक भलभलत्या तक्रारी लिहितो. साडेबाराच्या वर व्होल्ट होते. बॅटरी निर्दोष सुटली. त्यानंतर एका पोराला आत बसवून दांडी एकेक जागा हलवावयास लावली, आणि स्वतः बॉनेटखाली वाकून गिअरबॉक्सवरचा छोटा आर्म प्रत्येक ठिकाणी आपल्या खाचेत टक् करून बसतो की नाही ते पाहिले. दांडीपासून त्या आर्मपर्यंत एक केबल जाते. ती ताणली गेली किंवा तिच्या टोकाचे प्लॅस्टिकचे बुश झिजले तर दांडी एक म्हणते आणि गिअरबॉक्स दुसरे. सेन्सर बिचारा गिअरबॉक्सचे खरे तेच सांगत असतो आणि खोटा ठरतो. ही काल्पनिक भीती नव्हे. जून २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या याच बुशापायी परत बोलाविल्या. आमच्या गाडीची केबल ठीक होती.

मग कपलर. तो ओढून काढला तेव्हा पितळेच्या भांड्यात ताक कळकावे तशा दोन पिना हिरव्या झालेल्या. पावसाच्या पाण्याने आपली सही केली होती. ड्रायव्हरला वाटले, सापडला चोर. चाचांनी पिना घासल्या, कोरड्या केल्या, कपलर लावला, अंक पुसला. पार्कमध्ये सेल्फ घेतला नाही. तो हिरवेपणा खरा होता, पण गुन्हा त्याचा नव्हता. निदान त्याचा एकट्याचा नव्हता.

आता त्यांनी मल्टिमीटर घेतला. किल्ली फिरवून सेन्सरच्या येणाऱ्या तारेवर बॅटरीचा दाब येतो का ते पाहिले. येत होता, म्हणजे फ्यूज आणि वरची तार सुटली. मग मागल्या बाजूने बारीक सुई घालून प्रत्येक जाणारी तार तपासली. रिव्हर्सच्या तारेवर दाब येई आणि दांडीला बोट लावले की जाई. ड्राइव्हमध्ये ठेवले असता ड्राइव्हची तार जिवंत, आणि मधूनमधून न्यूट्रलचीही! संगणकाला एकाच वेळी दोन ठिकाणांहून हजेरी येत होती. त्याने गोंधळून एकच गिअर धरला यात नवल ते काय? शेवटी किल्ली बंद करून, कपलर काढून, सेल्फच्या दोन पिनांमधून मीटरचा प्रवाह जातो का ते पाहिले. न्यूट्रलमध्ये जाई, पार्कमध्ये नाही. आता तारा, कपलर, संगणक या साऱ्यांना बाजूला ठेवून एकटा सेन्सर मीटरसमोर उभा होता, आणि तो दोषी निघाला. तपासाला दोन तास लागले. नवा भाग वर्कशॉपच्या अंदाजाच्या मानाने किरकोळ किमतीत आला.

येथे गोष्ट संपली असे वाटेल. पण त्या दिवशीचा खरा धोक्याचा क्षण पुढेच होता. नवा सेन्सर बसविताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून, सेन्सरवरची खाच आणि न्यूट्रलची रेघ समोरासमोर आणून मगच बोल्ट आवळावयाचे असतात. बोल्टांची भोके लांबट असतात ती याचसाठी. चाचा चहाला वळले तेवढ्यात धाकट्या पोराने अंदाजाने बोल्ट आवळले. ड्रायव्हर उत्साहाने आत बसला, दांडी ड्राइव्हमध्ये होती ते विसरला, आणि किल्ली फिरविली. इंजिन चालू झाले. जे होऊ नये म्हणून १९६८ चा नियम झाला तेच आमच्या डोळ्यांदेखत झाले. ओंडके होते म्हणून गाडी हिसका देऊन जागीच राहिली. समोर टायर रचणारा दुसरा पोरगा उभा होता. चाचांनी आवाज चढविला नाही. किल्ली काढून खिशात टाकली, बोल्ट सैल केले, खाच रेघेशी आणली, आणि मग ब्रेकवर पाय दाबून धरण्यास सांगून प्रत्येक जागी सेल्फ मारून पाहिला. पार्क आणि न्यूट्रल येथे घ्यावयाचा, बाकी चारही ठिकाणी मुका राहावयाचा. ही परीक्षा दोनदा झाली. वर्कशॉपच्या कागदावर तिचा उल्लेखही नव्हता.

फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रशुद्ध व्यवस्थापनावर जे पुस्तक लिहिले त्यात असे सांगितले आहे की कामगारांच्या डोक्यात पिढ्यान्पिढ्या साठलेले ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करून आपल्या ताब्यात घ्यावे. पहिल्यांदा रात्री दिव्याखाली ते वाचताना आमच्या डोळ्यांसमोर लेथ आणि माग आले होते. मोटारींत हे काम दुहेरी झाले. ड्रायव्हरच्या तळव्यातले ज्ञान तारेत गेले, आणि तारेतले समजण्याची किल्ली ज्या पुस्तकांत आणि यंत्रांत आहे ती कंपन्यांच्या कपाटात गेली. तारेला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हातावर विसंबून किती जीव गेले ते वर आलेच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये फियाट क्रायस्लरने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलाविल्या. त्यांची दांडी कोणतीही जागा घेतली तरी सोडताच मध्यावर परत येई, म्हणून पार्क झाले की नाही हे हाताला कळत नसे. माणसे उतरत आणि गाडी निघून जाई. त्याच वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसला एक तरुण चित्रपट-अभिनेता स्वतःच्या घरापुढे अशाच गाडीने चिरडून मेला. तारेने सारे ठीक सांगितले असेल. माणसाला सांगण्यासाठी तिने एक बारीक अक्षर तेवढे ठेवले होते.

किल्लीच्या प्रश्नावर मात्र लोक गप्प बसलेले नाहीत. मॅसाच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि शेकडा ८६ च्या सुमारास मते त्याच्या बाजूने पडली. कंपन्या आपल्या अधिकृत वर्कशॉपला जी माहिती आणि जी यंत्रे देतात ती स्वतंत्र गराजलाही योग्य दराने द्यावी, असा त्याचा आशय. २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभर तसे वागण्याचा करार केला. २०२० मध्ये गाडीतून बिनतारी बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी पुन्हा मतदान झाले, तेही लोकांनी जिंकले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली, आणि मोटारगाड्या तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होत्या. त्याच डिसेंबरात माहितीचे एक सरकारी पोर्टलही उघडले. पोर्टल असणे आणि मंडलाचा नकाशा फिटरच्या हातात असणे यांत अंतर आहे, आणि ते आम्ही रोज पाहतो. २०१४ पासून मारुतीच्या लहान गाड्यांतही क्लचवाचून चालणारे गिअर आले. हा सेन्सर आता श्रीमंतांच्या गाडीतली चैन राहिलेला नाही. आमच्या सभासदांपैकी कित्येकांची रोजची भाकरी त्याच्या शब्दावर आहे.

चाचांना त्या गाडीच्या कोणत्या पिनेवर काय येते हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी आधी दुसऱ्या एका धडधाकट गाडीचा कपलर तपासून ते शोधले होते, म्हणून तपासाचे दोन तास लागले, नाहीतर अर्ध्या तासाचे काम. काम संपल्यावर त्यांनी हात पुसले, कानावरची पेन्सिल काढली, आणि शेडच्या पत्र्यावर जेथे पूर्वीच्या किती तरी गाड्यांचे आकडे उतरविलेले आहेत तेथे रकाने आखले. पार्कला कोणती पिन, रिव्हर्सला कोणती, न्यूट्रलला कोणती. धाकट्या पोराला त्यांनी ते मोठ्याने वाचावयास लावले. तो रिव्हर्सपाशी अडखळला, तेव्हा त्याला मीटर हातात देऊन पुन्हा बॉनेटखाली पाठविले.